भिंतीवरचं चित्र पावसाळ्यानंतरही टिकावं म्हणून: तपासणीपासून डागडुजीपर्यंत

शाळेच्या 'बोलक्या भिंती' आणि सोसायट्यांच्या कुंपणभिंती हौसेनं रंगवल्या जातात, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत वारलीतल्या माणसांचे पाय गळालेले असतात, अननस पोपड्यासकट खाली आलेला असतो. मग रंगाला किंवा चित्रकाराला बोल लावला जातो. बहुतेक वेळा खोट भिंतीत असते: आतली ओल, क्षार, जुन्या चुन्याचे थर. चित्रापेक्षा भिंतीच्या तयारीला जास्त दिवस द्यावे लागतात, आणि घाईत नेमके तेच दिवस कापले जातात.

इथे सिमेंटच्या गिलाव्याची, रस्त्याकडेची भिंत गृहीत धरली आहे. हिशेबासाठी 20 फूट लांब आणि 6 फूट उंच, म्हणजे 120 चौरस फूट.

टप्पा 1: परवानगी आणि वेळ

भिंत कोणाची आहे हे आधी कागदावर शोधा. सोसायटीची असेल तर व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या. सचिवांचं तोंडी "करा की" पुरत नाही, कारण समिती बदलते. शाळेची असेल तर मुख्याध्यापकांचं आणि शाळा व्यवस्थापन समितीचं पत्र. पालिकेची असेल तर प्रभाग कार्यालयात अर्ज, सोबत रेखाटनाची रंगीत प्रत. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध 1995 चा कायदा आहे, आणि तुमचा हेतू चांगला होता म्हणून विनापरवानगी रंगवलेली भिंत त्यातून सुटत नाही. पत्रात तीन गोष्टी हव्यात: भिंतीची मापं, मंजूर रेखाटन, आणि चित्राची देखभाल कोण करणार.

काळ्या दगडाच्या जुन्या भिंतीला, किल्ल्याच्या तटाला, घाटाच्या पायऱ्यांना किंवा जुन्या मंदिराच्या आवाराला हात लावू नका, कोणी परवानगी दिली तरीही. दगडाच्या सांध्यांमधून ओल बाहेर पडत असते. वरून रंग दिला की ती आत कोंडते, आणि नंतर रंग काढायला गेलं की दगडाचा पृष्ठभागही खरवडला जातो. यात मला तडजोड दिसत नाही.

वेळेचं गणित उलटं मांडा. चित्र डिसेंबर-जानेवारीत हवं असेल तर भिंतीची पाहणी जुलै-ऑगस्टमध्येच करा. भर पावसात छत्री घेऊन समोर उभं राहिलं की पाणी कुठून येतं, कुठे साचतं आणि कोणता भाग सर्वांत उशिरा वाळतो ते दिसतं. हिवाळ्यातल्या कोरड्या भिंतीवर यातलं काहीच कळत नाही. दुरुस्ती ऑक्टोबरात करा. नवा गिलावा असेल तर त्याला किमान 28 दिवस द्या; एक अख्खा पावसाळा जाऊ दिला तर उत्तमच.

> सावधान: उद्घाटनाची तारीख आधी आणि भिंतीची पाहणी नंतर, असं करू नका. तारीख जवळ आली की ओल्या भिंतीवरच रंग लागतो.

टप्पा 2: भिंतीच्या सहा चाचण्या

यातली कुठलीच चाचणी महाग नाही. भिंतीचा फोटो काढून घ्या आणि दोष सापडेल तिथे त्या फोटोवर खूण करा.

*ओल.* साधारण दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर हवाबंद बसवा. एक गुडघ्याच्या उंचीवर, एक छातीच्या उंचीवर. दुसऱ्या दिवशी काढा. आतून बाष्पाचे थेंब दिसले किंवा त्याखालची भिंत गडद झाली असेल तर भिंत ओली आहे. फक्त खालचाच तुकडा ओला असेल तर पाणी जमिनीतून चढतंय, दोन्ही ओले असतील तर ते वरून किंवा मागच्या बाजूनं येतंय. उपाय वेगवेगळे आहेत, म्हणून दोन तुकडे.

*क्षार.* ताज्या सिमेंटचा सामू (पीएच) 12 च्या वर असतो आणि तो रंगातला बंधक पदार्थ खातो. शाळेच्या प्रयोगशाळेतला वैश्विक दर्शक कागद आणि बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी घ्या. भिंत ओलसर करून कागद मिनिटभर दाबून धरा आणि रंग ताडून पाहा. सामू 10 च्या वर आला तर थांबा, गिलाव्याला आणखी काही आठवडे द्या.

*भुकटी.* कोरड्या तळव्यानं जोरात घासा. हाताला पांढरं लागलं तर खाली चुना किंवा डिस्टेंपर आहे. त्यावर कितीही महाग रंग दिला तरी तो चुन्याला चिकटेल, आणि चुना भिंतीला धरून राहणार नाही.

*पकड.* जुना रंग घट्ट वाटत असेल तर ब्लेडनं त्यावर फुली मारा, वर खोक्याची तपकिरी चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. पट्टीला रंगाचे तुकडे आले तर तो सगळा थर काढावा लागेल. चांगल्या दिसणाऱ्या भागावरही ही चाचणी करा.

*आवाज.* हातोडीच्या दांड्यानं हलकं ठोकत चला. टणक आवाज म्हणजे गिलावा धरून आहे, बद्द आवाज म्हणजे तो आतून सुटला आहे. त्या भागाभोवती खडूनं गोल काढा.

*शोषण.* पाणी शिंपडा. क्षणात शोषलं गेलं तर भिंत तहानलेली आहे, प्रायमर जास्त लागेल. मोत्यासारखे थेंब घरंगळले तर वर ऑइल पेंट किंवा जलरोधक थर आहे. तो घासून खरखरीत केल्याशिवाय नवा रंग चिकटणार नाही.

ओल आणि क्षार या दोन चाचण्यांत भिंत नापास झाली तर टप्पा 3 मधली पाण्याची दुरुस्ती सोडून पुढचे टप्पे सुरूच करू नका. बाकीच्या दोषांवर हातानं मेहनत घेऊन उपाय करता येतो.

टप्पा 3: पाण्याची वाट आधी बंद करा

पहिली जागा भिंतीचा माथा. कुंपणभिंतीचा वरचा सपाट भाग पाणी पितो आणि तेच पाणी महिनाभरानं चित्राच्या मधोमध फोड होऊन दिसतं. माथ्यावर सिमेंटचं कोपिंग, म्हणजे झाकणीचा थर, हवं, त्याला मागच्या बाजूला उतार हवा, आणि ते भिंतीपेक्षा दीड-दोन इंच पुढे आलेलं हवं. पुढे आलेल्या कडेच्या खालच्या अंगाला लांबीभर एक खाच ठेवायला गवंड्याला सांगा. थेंब त्या खाचेपाशी तुटून खाली पडतो. खाच नसेल तर तो कडेखालून वळून भिंतीवर उतरतो, आणि दोन पावसाळ्यांत काळे ओघळ पडतात. हे काम गवंडी अर्ध्या दिवसात करतो. ते न करता चित्र काढू नका असंच मी म्हणेन.

दुसरी जागा मागची बाजू. पलीकडे बागेची माती भिंतीला टेकवलेली असेल तर ती हटवा. कुंड्यांची रांग असेल तर ती फूटभर पुढे घ्या. पलीकडे पाण्याची टाकी किंवा नळ गळत असेल तर प्लंबरला आधी बोलवा.

तिसरी जागा पाया. कुंपणभिंतींना ओल अडवणारा थर क्वचितच दिलेला असतो, त्यामुळे जमिनीतलं पाणी चढतं आणि लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी पूड, धरतो. हे पूर्ण थांबवणं खर्चाचं काम आहे. त्याऐवजी चित्राची रचनाच अशी करा की जमिनीपासून एक-दीड फुटाचा पट्टा चित्रात येणारच नाही. तो वेगळा, गडद, एकरंगी ठेवा. चिखलाचे शिंतोडे, पिचकाऱ्या आणि लोणा हे सगळं त्याच पट्ट्यात होतं, आणि दरवर्षी तेवढाच पट्टा पुन्हा रंगवता येतो.

लोक थुंकू नयेत म्हणून त्या पट्ट्यात देवदेवतांची चित्रं काढण्याची पद्धत आहे. कृपा करून ते टाळा. थुंकणारे थांबत नाहीत आणि विटंबना मात्र होते. त्यापेक्षा तिथे दिवा लावून घ्या.

टप्पा 4: घासणं आणि भरणं

क्रम असा: शेवाळ, मग लोणा, मग सुटे थर, मग भेगा. शेवाळ शेवटी ठेवलं तर भरलेल्या भेगा पुन्हा भिजतात.

शेवाळावर सोडियम हायपोक्लोराइटचं पातळ द्रावण किंवा ब्लीचिंग पावडरचं निवळलेलं पाणी मारा, थोडा वेळ ठेवा, ब्रशनं घासा आणि भरपूर पाण्यानं धुवा. हातमोजे आणि चष्मा घाला. नुसतं घासून काढलेलं शेवाळ मुळाशी जिवंत राहतं आणि रंगातून वर येतं.

> सावधान: ब्लीचिंगच्या पाण्यात संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो फुप्फुसांना घातक आहे.

लोण्याच्या बाबतीत उलटं वागायचं. तो पाण्यानं धुऊ नका; क्षार विरघळून परत आत शिरतात आणि भिंत वाळली की पुन्हा फुलतात. कोरड्या ब्रशनं झाडा, पडलेली पांढरी पूड गोळा करून बाहेर टाका, आठवड्यानं परत झाडा. लोणा नव्यानं येत राहिला तर पाणी अजून थांबलेलं नाही, परत टप्पा 3 कडे जा.

सुटे पोपडे पत्र्यानं खरवडा, मग तारेचा ब्रश मारा. जुना ऑइल पेंट कोरडा घासू नका. भारतात घरगुती रंगांमधल्या शिशाचं प्रमाण दशलक्षात 90 भागांवर आणणारा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला, म्हणजे त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. असा थर पाणी लावून वॉटर पेपरनं घासा आणि मुलांना त्या दिवशी तिथे येऊ देऊ नका. खडूनं गोल केलेला पोकळ गिलावा पाडून नवा करा, आणि त्या तुकड्यासाठी 28 दिवसांची मोजणी पुन्हा सुरू होते हे वेळापत्रकात धरा.

केसासारख्या भेगा बाहेरच्या भिंतीसाठीच्या अॅक्रिलिक क्रॅक फिलरनं भरता येतात. रुंद भेग आधी पत्र्याच्या टोकानं इंग्रजी व्हीच्या आकारात उकरा, धूळ झाडा, ओलसर करा आणि पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटनं भरा. आतल्या खोल्यांसाठीची अॅक्रिलिक लांबी (पुट्टी) किंवा पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) बाहेर वापरू नका. पीओपी पाणी पिऊन मऊ पडतं. बाहेर लांबी भरायचीच असेल तर पांढऱ्या सिमेंटची, आणि तीही फक्त खड्ड्यांपुरती. आरशासारखी गुळगुळीत भिंत करायच्या हट्टात जाड लांबीचा थर चढतो आणि पुढे तोच सोलून निघतो. थोडी खरबरीत भिंत चित्राला धरून ठेवते.

टप्पा 5: प्रायमर आणि तळरंग

बाहेरच्या भिंतीसाठीचा, क्षार सहन करणारा अॅक्रिलिक प्रायमर घ्या. पाणी डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच घाला. "जास्त पाणी घातलं की जास्त भिंत होते" या हिशेबानं रंगारी प्रायमरचं ताक करतात, आणि त्यात बंधक इतका विरळ होतो की त्याचा उपयोगच राहत नाही. पाणी पिण्याचं वापरा. खाऱ्या बोअरवेलच्या पाण्यातून तुम्ही स्वतःच भिंतीत क्षार घालता.

प्रायमर वाळला की तळरंगाचे दोन हात. तळरंग म्हणून चित्रात सर्वांत जास्त जागा व्यापणारा रंग निवडा. आकाश मोठं असेल तर निळा, वारली असेल तर गेरूचा लाल. पांढऱ्या तळावर सगळं चित्र भरत बसलं तर रंगही जास्त लागतो आणि रेषांच्या फटींतून पांढरं डोकावतं.

तपासणी: तळरंग वाळल्यावर दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं पुसा. फडक्याला रंग लागता कामा नये. मग चिकटपट्टीची चाचणी पुन्हा करा. इथे नापास झालेली भिंत चित्र झाल्यावर पास होणार नाही.

टप्पा 6: रंगांची खरेदी

एकच प्रकार घ्या: बाहेरच्या भिंतींचं अॅक्रिलिक इमल्शन. पोस्टर कलर पाण्यात विरघळतो, पहिल्या सरीत वाहून जातो. ऑइल पेंट लोखंडी फाटकाला ठीक आहे. सिमेंटवर मात्र क्षारांमुळे त्यातल्या तेलाचा साबण होतो, आणि आतली ओलही त्याला भेदून बाहेर पडू शकत नाही. चकाकी बघून ऑइल पेंट निवडलेल्या भिंतींचेच सर्वांत मोठे पोपडे निघतात.

हिशेब सोपा आहे. इमल्शन एका लिटरमध्ये दोन हातांसाठी साधारण 50 ते 60 चौरस फूट चालतं, म्हणजे 120 चौरस फुटांच्या तळरंगाला दोन ते अडीच लिटर. खरबरीत भिंतीला याहून जास्त. चित्रातल्या बाकीच्या रंगांना प्रत्येकी पाव ते एक लिटर.

सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते स्टेनरमध्ये, म्हणजे छटा करण्यासाठी मिसळायच्या घट्ट रंगद्रव्यात. पांढऱ्या रंगाची बादली आणि स्टेनरच्या छोट्या बाटल्या आणायच्या, आणि गडद लाल होईपर्यंत बाटल्या ओतत राहायचं, ही चूक घरोघर दिसते. स्टेनरमध्ये भिंतीला धरून ठेवणारा बंधक जवळपास नसतो. प्रमाणाबाहेर घातला की रंग नीट वाळत नाही, हाताला लागतो, पावसात ओघळतो. शिवाय पांढऱ्यातून खरा गडद रंग येतच नाही, नुसता मळका गुलाबी येतो. फिक्या छटा स्टेनरनं करा. गडद रंग दुकानातल्या टिंटिंग मशीनवर, गडद रंगांसाठीच्या बेसमधून करून घ्या आणि त्याचा कोड लिहून ठेवा.

कुठला रंग उन्हात टिकतो हेही विचारून घ्या. लोहाच्या ऑक्साइडचे रंग, म्हणजे गेरू, विटकरी, पिवळी माती, तपकिरी, आणि त्याबरोबर काळा, वर्षानुवर्षं राहतात. थॅलो निळा आणि हिरवाही चिवट. भडक पिवळा, गुलाबी, जांभळा यांत रंगद्रव्यानुसार फार फरक पडतो. दुकानदाराकडून बाहेरच्या भिंतीसाठीचीच छटा आहे याची खात्री करा. फ्लोरोसंट रंग रस्त्यावर लावूच नका, ते झपाट्यानं विटतात. पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीसाठी मी सगळं चित्रच मातकट रंगांत बेततो. ते दिसतंही छान.

वारली करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मूळ चित्रं शेणा-गेरूनं सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठानं काढली जातात. पाऊस झेलणाऱ्या सिमेंटच्या भिंतीवर ते पीठ टिकत नाही, म्हणून इमल्शन. आणि लग्नचौक, म्हणजे पालघट देवीचा चौक, लग्नविधीचा भाग आहे. तो गटाराशेजारच्या भिंतीवर नक्षी म्हणून उतरवू नका. शेती, तारप्याचा नाच, मासेमारी हे विषय आहेतच. शक्य असेल तर डहाणू-तलासरीकडच्या वारली चित्रकारालाच बोलवा आणि मानधन आधी ठरवा.

टप्पा 7: रेखाटन भिंतीवर चढवणं

आधी एक आडवी रेषा हवी. भिंतीचा माथा किंवा फुटपाथ आडवा आहे असं समजू नका. रस्ता उताराचा असला की भिंतही उतरत जाते. पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन दोन टोकांना समान पातळीच्या खुणा करा आणि त्यांच्यामध्ये खडूची दोरी ताणून फटका मारा. उभ्या रेषेसाठी ओळंबा. काटकोन 3-4-5 नं तपासा: एका बाजूला 3 फूट, दुसऱ्या बाजूला 4 फूट मोजा, तिरका कर्ण बरोबर 5 फूट यायला हवा.

मग पद्धत निवडा.

चौकटी: कागदावर 1 इंच म्हणजे भिंतीवर 1 फूट. आपली भिंत कागदावर 20 बाय 6 इंच होते. दोन्हीकडे चौकटींना सारखेच क्रमांक द्या. नकाशे, अक्षरं, इमारती यांसाठी हीच पद्धत, कारण मापं चुकत नाहीत.

खुणांचा फोटो: सगळ्या भिंतीवर खडूनं वेगवेगळ्या वेड्यावाकड्या खुणा करा, समोरून फोटो काढा आणि मोबाइलमध्ये त्यावर तुमचं रेखाटन अर्धपारदर्शक करून बसवा. आता प्रत्येक रेषा कुठल्या खुणेजवळून जाते ते बघत काढायची. माणसं, झाडं, पक्षी यांसाठी ही पद्धत चौकटींपेक्षा वेगवान आहे. फोटो मात्र भिंतीच्या मध्यासमोर उभं राहून, मोबाइल भिंतीच्या अर्ध्या उंचीवर धरून, वाइड मोड बंद ठेवून काढा. गल्ली अरुंद असेल तर तुकड्यातुकड्यांत काढा. तिरक्या फोटोवरून काढलेली माणसं भिंतीवर लांबट होतात.

खाका: एकच नक्षी पुन्हापुन्हा यायची असेल तर जाड कागदावर ती काढून रेषेवर सुईनं जवळजवळ भोकं पाडा, कागद भिंतीवर चिकटवा आणि गेरूची पूड बांधलेली फडक्याची पुरचुंडी त्यावर थोपटा. ठिपक्यांची नक्षी उमटते.

प्रोजेक्टर रात्री उपयोगी पडतो, पण रस्त्यावरच्या दिव्यांत तो फिका पडतो आणि जागा थोडी हलली तर सगळं पुन्हा जुळवावं लागतं.

> सावधान: भिंतीवर परमनंट मार्करनं रेषा काढू नका. त्याची शाई इमल्शनच्या थरांतून पुन्हा वर येते. खडू किंवा तळरंगाहून किंचित गडद असा पातळ रंग वापरा.

रेखाटन झालं की रस्ता ओलांडून पलीकडून पाहा, आणि भिंतीच्या कडेनं चालत येऊनही पाहा. येणारे-जाणारे चित्र बहुधा तिरकंच बघतात. बारीक तपशील तिथून दिसत नसेल तर तो काढून टाका. या टप्प्यावर पुसायला फक्त ओलं फडकं लागतं.

टप्पा 8: रंग भरण्याचा क्रम

भिंत सावलीत असेल तेव्हा काम करा: पश्चिमेची भिंत सकाळी, पूर्वेची दुपारनंतर. तापलेल्या भिंतीवर इमल्शन पसरायच्या आतच वाळतं आणि ब्रशचे पट्टे राहतात. थंडीत पहाटेचं दव उतरेपर्यंत थांबा, भिंतीला हाताचा मागचा भाग लावून पाहा.

वरून खाली या. मोठे भाग आधी, लहान नंतर. मागचं आधी, पुढचं नंतर. बाह्यरेषा सर्वांत शेवटी. रेषा आधी काढून आत रंग भरण्याची शाळेतली सवय इथे सोडायची, कारण भरताना रेषा दोन्ही बाजूंनी खाल्ली जाते.

मुलं किंवा स्वयंसेवक असतील तर प्रत्येक आकारात खडूनं रंगाचा क्रमांक लिहा, तोच क्रमांक डब्यावर. कडा सराव असलेल्या दोघांनी धराव्यात, आतलं बाकीच्यांनी भरावं. एका वेळी एकाच रंगाचा डबा उघडा.

सरळ कडेसाठी मास्किंग टेप लावलात तर टेपच्या कडेवर आधी खालचाच रंग एकदा फिरवा. टेपखाली झिरपायचं ते तोच रंग झिरपतो. वरचा रंग पूर्ण वाळायच्या आत टेप काढा.

प्रत्येक रंगाचे दोन हात द्या आणि मध्ये डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या. मिश्रणातून केलेला रंग एकदाच भरपूर करा. संपल्यावर तीच छटा पुन्हा जमत नाही. थोडा घट्ट झाकणाच्या बाटलीत राखून ठेवा.

उंचीवर जाणार असाल तर शिडी भिंतीला टेकते त्या उंचीच्या पाव अंतरावर तिचा पाय असावा, खाली एक माणूस धरून उभा असावा. वर विजेच्या तारा असतील तर तिथे लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची शिडी नकोच. स्प्रेचे डबे वापरत असाल तर कापडी किंवा सर्जिकल मास्क उपयोगाचा नाही, सेंद्रिय वाफा अडवणारी काडतुसं असलेलाच मास्क हवा.

टप्पा 9: अक्षरं आणि माहिती

भिंतीवरचं शुद्धलेखन हजारो लोक वाचतात. मजकूर कागदावर छापून, मराठीच्या शिक्षकांकडून तपासून, त्यांची सही घेऊनच वर चढवा. 'आर्शिवाद' एकदा रंगला की वर्षानुवर्षं तसाच राहतो.

देवनागरीत शिरोरेषा खडूच्या दोरीनं मारून घ्या आणि अक्षरं तिला टांगा. वर वेलांटी, मात्रा, रफार यांना, खाली उकाराला जागा सोडा. ओळी रोमन अक्षरांसारख्या जवळजवळ घेतल्या तर वरचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. वाचण्यासाठी दर 10 फूट अंतराला अक्षराची उंची किमान 1 इंच धरतात. देवनागरीत जोडाक्षरांमुळे मी दीड इंच धरतो. अनुस्वाराचा ठिपका नेहमीपेक्षा ठळक द्या, लांबून तोच आधी हरवतो.

जुन्या तक्त्यावरून माहिती उतरवू नका. पालघर 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला, तेव्हापासून महाराष्ट्रात 36 जिल्हे आहेत. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर ही आताची नावं आहेत. देशात 28 राज्यं आणि 8 केंद्रशासित प्रदेश आहेत. 2006 पासून ग्रह आठच मानले जातात, तरी भिंतींवर प्लूटो अजून फिरतो आहे. भारताची बाह्यरेषा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरूनच घ्या.

टप्पा 10: वरचा थर

पारदर्शक थर द्यायचा तर बाहेरच्या वापराचा, पाण्यात मिसळणारा, अतिनील किरण रोखणारा अॅक्रिलिक घ्या, आणि चित्र झाल्यावर आठवडाभर थांबून लावा. लाकडाचं तेलकट वॉर्निश उन्हात पिवळं पडतं. आधी कोपऱ्यात एका फुटावर लावून पाहा: काही थरांनी गडद रंग दुधाळ दिसतात. ओलीचा थोडाही संशय असलेल्या भिंतीला हा थर देऊ नका.

टप्पा 11: आवराआवर आणि देखभाल

ब्रश धुतलेलं पाणी गटारात ओतू नका. बादलीत रात्रभर ठेवा, गाळ खाली बसला की वरचं पाणी वेगळं करून तेच पहिल्या धुण्याला वापरा. गाळ जुन्या पत्र्यावर वाळवून सुक्या कचऱ्यात द्या.

प्रत्येक रंगाचा कोड, दुकानाचं नाव आणि तारीख एका वहीत लिहा. वही आणि राखलेल्या बाटल्या सोसायटीच्या कार्यालयात किंवा शाळेत ठेवा. चित्रकाराच्या घरी ठेवल्या तर गरजेच्या वेळी सापडत नाहीत.

पहिल्या पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरमध्ये, भिंत मऊ ब्रशनं आणि साध्या पाण्यानं धुवा. खालचा पट्टा पुन्हा रंगवा. फोड दिसला तर तो ब्लेडनं कापून आत बघा. आत गिलावा ओला असेल तर नुसता रंग लावून झाकू नका, त्या उंचीवर कोपिंगला भेग गेली आहे का ते आधी शोधा. कोरडा असेल तर सुटा थर काढा, कडा वॉटर पेपरनं उतरत्या करा, प्रायमर द्या, राखलेला रंग लावा. चार-पाच वर्षं उन्हात राहिलेल्या भिंतीवर राखलेला ताजा रंग वेगळा दिसतो. अशा वेळी ठिगळ लावण्याऐवजी तो आख्खा आकार, म्हणजे पूर्ण पान किंवा पूर्ण पंख, कडेपासून कडेपर्यंत नव्यानं भरा.